एका कान्याचं अंतर

ओरिस्तानोच्या इस्पितळात, तळघरात,
चार अंशांच्या थंड खोलीत
बोनारिया मुरेद्दू स्वेटरवर कोट चढवून बसली आहे.
सेंट्रिफ्यूजची घरघर तिला आता ऐकूच येत नाही;
थांबली की तेवढी मान वर होते.

वर तिसऱ्या मजल्यावर लुस्सोरिओ. वय वर्षं सहा.
शनिवारी शेजाऱ्याच्या मळ्यात, पैजेवर,
त्याने बाकल्याच्या शेंगा सोलून खाल्ल्या.
आपल्या वालाचा थोरला भाऊ शोभेल असा दाणा,
पांढऱ्या फुलाला काळा डोळा.
अकरा शेंगा. त्याने मोजल्या होत्या.
सोमवारी लघवी काळ्या चहासारखी,
ओठ कागदासारखे,
आणि आई जिन्यावर, चपला उलटसुलट.

तांबडी पेशी
पोथी मागे ठेवून घराबाहेर पडलेली असते.
केंद्रक नाही. नवं काही लिहिता येत नाही.
जी शिदोरी बांधून मिळाली
तिच्यावर एकशेवीस दिवस काढायचे,
केसाएवढ्या बोळांतून अंग चोरत.

त्या शिदोरीत एक विकर.
एकेकटी साखळी निरुपयोगी;
दोन सारख्या साखळ्या एकमेकींना बिलगल्या
की काम सुरू.
आंबटपणा जरा वाढला तर दोन जोड्यांची चौकडी,
उतरला की पुन्हा आपापली जोडी.
आणि सांध्याला लागून, आतल्या बाजूला,
एक चिमुकला रेणू,
खिळखिळ्या चौकटीत ठोकलेल्या पाचरीसारखा.
तो इथे काम करायला बसलेला नाही.
सुटू देत नाही, इतकंच.

बोनारिया नळीत कोळशाची पूड टाकते.
कोळसा पाचर शोषून घेतो.
पडद्यावरची रेघ उताराला लागते,
घाई न करता, गाढवासारखी.
साखळ्या सुट्या झाल्या.
मोडल्या नाहीत, हवं तर मोजा, एकही कडी कमी नाही.
फक्त आता त्यांना विकर म्हणता येत नाही.

रेणू परत घातला तर जुळतात.
सगळ्या नाहीत. आणि उशीर झाला तर
एकमेकींसमोर असूनही नाहीत.
उशीर म्हणजे किती मिनिटं,
हे ती वहीत लिहिते. पेन्सिलीने,
कारण इथे शाई गोठल्यासारखी वागते.

माझ्या भाषेत विकर आणि विकार
यांच्यात एका कान्याचं अंतर आहे.
लुस्सोरिओच्या आत लिहिलेल्या मजकुरातही
एकच अक्षर चुकलंय,
कुणा खापरपणजीच्याही आधीपासून नकलून आलेलं.
खाजणात हिवताप होता तेव्हा
हीच चूक बहुधा काही पोरांना वाचवून गेली;
डासांनी सांभाळलेलं अशुद्धलेखन.
पण हे आता अस्सुंताला कोण सांगणार?
ती दर वसंतात वाटीभर बाकला खाते, तिला काही होत नाही,
आणि मुलाला ते तिच्याकडूनच आलं.
“मीच दिलं,” ती लिफ्टच्या दाराला सांगते.

बोनारिया नमुने घ्यायला वर येते
तेव्हा अस्सुंता तिची बाही धरते.
“आत काय तुटलंय त्याच्या?”
बोनारियाला म्हणायचं असतं, तुटलं नाही, सुटलं.
पण कोट थंड, बाही धरणारा हात गरम,
आणि सुटलेल्यामुळेच पुढे पेशी फुटतात,
हेही तितकंच खरं.
ती म्हणते, “जुन्या पेशी आधी जातात.
हाडांत नव्या तयार होताहेत.
आज दुसऱ्याचं रक्त देऊ, तोवर पुरेल.”
कुणाचं, ते तिला माहीत आहे:
नुओरोच्या एका ट्रकवाल्याचं, पिशवीवर फक्त आकडा.

संध्याकाळी मिस्त्राल वारा खिडकीच्या काचा हलवतो.
नळीतून थेंब उतरतात.
मुलगा डोळे उघडतो, भिंतीवरची सावली बघतो,
मग आईला विचारतो,
झानेत्तूने किती खाल्ल्या होत्या.
“नऊ,” आई म्हणते.
तो पुन्हा डोळे मिटतो.
जिंकल्यासारखा.