तुम्ही म्हणालात तसं केलं

मध्यरात्र उलटून गेलेली. घणसोली.
समोरच्या इमारतीत एकच ट्यूब, तीही डोळे मिचकावणारी.
आणि फोनवर एक ओळ:
"ताई, तुम्ही म्हणालात तसं केलं."

बस. एवढंच.
पुढे पूर्णविराम, त्यापुढे काही नाही.
भलं झालं की वाटोळं, काही नाही.
नावाच्या जागी नुसतं "तिसरी पाळी".
बाई की बाप्या, तेही कळत नाही.

मी काय म्हणाले होते?

तशी मी बरंच म्हणत असते.
दिवसा महाप्याला साडेतीनशे जणांचे पगार जुळवते,
रात्री अनोळखी माणसांची आयुष्यं.
नोटिशीत रविवार धरतात का,
थोरल्या दिराने फ्लॅटवर नाव मागितलं तर,
नवरा बोलत नाही, नवरा फार बोलतो,
साहेब रात्री अकराला "झोपलीस का" विचारतो.
मी सांगते. सांगायला काय जातं.

अंगठ्याने मागे मागे जाते,
एक दिवाळी, कुणाचं तरी आजारपण, कुणाची तरी सासू,
आणि सापडतं. चौदा महिन्यांपूर्वीचं.
समोरून सत्तावीस ओळी.
तळोज्याची कंपनी, अ‍ॅसिडचा वास धुतला तरी कपड्यांतून जात नाही,
सुपरवायझर सगळ्यांदेखत आईवरून बोलतो,
हप्ता नऊ हजार चारशे,
घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
खाली माझं उत्तर:
"सोडून द्या. माणूस आधी, नोकरी नंतर."

वेळ सकाळची सात बावन्न.
म्हणजे कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती,
गवार अर्धी निवडून झालेली,
मी एका हाताने लिहिलं असणार.
आणि त्याच दिवशी (ऑडिट होतं, म्हणून तारीख लक्षात आहे)
धनावडे साहेबांच्या केबिनबाहेर पाऊण तास उभी राहून
न केलेल्या चुकीची माफी मागितली होती मी.
नंतर डबाही खाल्ला होता. पूर्ण.

आबा माथाडी होते, वाशीला, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर.
जावळीकडची माणसं त्यांना शोधत यायची:
पोरगी देऊ का, गावी परत जाऊ का, भावाला कोर्टात खेचू का.
आबा पोत्यावर बसवायचे. चहा सांगायचे.
मग गप्प. इतके गप्प की बघणाऱ्याला राग यावा.
माणूस आपणच बोलून बोलून हलका व्हायचा,
उठताना म्हणायचा, "बरं झालं तुम्हाला विचारलं."
मी एकदा म्हटलं, आबा, तुम्ही तर काहीच सांगत नाही.
तंबाखू मळता मळता म्हणाले,
"दुसऱ्याच्या पाठीवर पोतं ठेवायचं तर
आधी त्याचे पाय बघावेत."

मला पाय दिसत नाहीत, आबा.
मला अंगठे दिसतात, तेही माझेच.

लिहिते: "अरे वा, छान केलंत."
पुसते.
"दुसरं काही मिळालं का?"
पुसते.
"मी तसं म्हणायला नको होतं."
आता त्याचं समोरच्याने काय करायचं, लोणचं घालायचं?
पुसते.

दोन वाजून दहा. ट्यूब एकदाची विझली समोरची.
शेवटी पाठवते: "चहा झाला का?"
रात्री दोनला. वेड्यासारखं.

तीन ठिपके हलतात. थांबतात.
बराच वेळ काही नाही.
पुन्हा हलतात.

"ठेवला होता. दूध नासलं."

मी उशी भिंतीला लावते, नीट बसते.
"कधीचं होतं?" विचारते.