सोळा किलो

धामणीचा एकच ओंडका,
आसूदच्या बाजूने आणलेला, तीन वर्षं पडवीत वाळलेला.
उभा फोडला तेव्हा चार पट्ट्या नीट निघाल्या,
पाचवी मधेच वळली, तिचा कोयत्याला दांडा केला.

झाड एक, लांबी एक, दोरी एक,
जाळ्याचा नायलॉन, बारा पदर पिळून.
फरक फक्त घडणीचा ठेवायचा होता.
पहिलं धनुष्य चपटं, तीन बोटं रुंद.
दुसरं अरुंद, पोटाशी गोल, डोलकाठीचं पिल्लू जसं.
तिसऱ्याची टोकं पुढे वळवली,
पेजेच्या टोपावर तासभर वाफ देऊन.
त्या दिवशी बायको म्हणाली, पेजेला सालीचा वास येतोय.
चौथ्याच्या पाठीला माणग्याची कामटी, सरसाने बसवलेली.

मी होड्या करायचो, हर्णै बंदरात.
फायबर आलं तेव्हापासून हातांना कुणी काही विचारत नाही,
म्हणून हातच आता काहीबाही विचारत असतात.

खुंटीवर धनुष्य आडवं,
दोरीला यमी चोगलीचा मासळी तोलायचा काटा.
सव्वीस इंच ओढ, आकडा वाच.
एकवीस. अठरा. तेवीस. वीस.
छे. सगळी सोळावर आली पाहिजेत,
नाहीतर जोर कुठला नि घडण कुठली, कसं कळायचं?
मग फुटक्या काचेने खरवडत बसलो.
ताठ दिसेल तिथे चार हात, पुन्हा ओढ,
लांब उभं राहून बघ, दोन्ही बाहू सारखे वाकतायत का.
होडीला फट राहिली तर कापूस कोंबता येतो, वर राळ.
इथे काढलेलं परत घालता येत नाही.

तिसरं साडेसतरावर होतं
तेव्हा गाठीपाशी आवाज झाला,
अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच.
एक तुकडा हातात, दुसरा खिडकीबाहेर अळवात.
ओंडका संपलेला. नवं केलं भेरल्या माडाचं
आणि वहीत लिहिलं:
लाकूड वेगळं. ही तुलना खरी नव्हे.
खाली दोन रेघा मारल्या.

मुरुडची पुळण, ओहोटी, मतलई पडलेली.
चिव्याचा एकच बाण, प्रत्येकाला दहा वेळा.
चपटं: एकशे बेचाळीस पावलं.
गोल: एकशे अडतीस,
आणि दोरी उतरवली तरी ते जरा वाकूनच राहतं, माझ्यासारखं.
कामटीवालं: एकशे त्रेपन्न.
भेरल्याचं गेलं एकशे साठ,
पण त्याचं मोजायचं नाही असं ठरलेलं.

परतताना आंबी हिलम भेटली, खेकड्यांची टोपली घेऊन.
तिचा बाप याच लाकडाची धनुष्यं करायचा, वही न ठेवता.
"मारतोस काय यानं?"
काही नाही, मोजतो.
ती हसली नाही. एकेकाची दोरी बोटाने छेडून ऐकली,
जशी पोर नारळ कानाशी हलवून बघते.
घरी आली तेव्हा मोडका तुकडाही मागितला,
गाठीवरून अंगठा फिरवला.
"हितं झाडाला फांदी फुटायची व्हती."
वहीत रकाने होते लांबी, वजन, पावलं, शेरा.
शेऱ्याखाली तेवढंच लिहिलं.

काटा परत द्यायला गेलो तर यमी पाटीवरूनच ओरडली,
"काय केलंस रे याचं? सुरमईला अर्धा किलो जास्त दाखवतोय,
गिऱ्हाईक माझ्या जिवावर उठलंय!"
ओढून ओढून स्प्रिंग सैलावलेली.
म्हणजे पहिल्याचं सोळा ते सोळा,
आणि शेवटच्याचं सोळा ते देव जाणे किती.

नवा काटा घेऊन दिला, तीनशे ऐंशीला.
वहीतली सगळी पानं तशीच ठेवली, फाडली नाहीत.
आसूदला, नदीच्या वरच्या अंगाला,
वादळात आडवी झालेली आणखी एक धामण आहे म्हणतात.
अजून ओली असेल.