डावीकडचा बांध

मला चौकोन आवडतो,
पण अगदी सरळ असला की नाही.

आगरवाड्याच्या मिठागरात एकही सरळ चौकोन नाही.
पायांनी चोपलेल्या चिखलाच्या कडा,
एक बाजू खाडीकडे जरा ओढलेली,
आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळं पाणी :
एकात शिळ्या पेजेचा रंग, एकात गंजाचा,
एप्रिल सरताना एकात असा गुलाबी
की तो कुठल्याच नळीतून अजून निघालेला नाही.
सहा नळ्या पिळल्या. शपथ.

घरी येणारे विचारतात, हें कितें?
पोस्टमन, भावोजी, पणजीच्या बँकेतली ती बाई
जिला कॅलेंडरच्या जागी काहीतरी हवं होतं.
मासा आहे का? होडी? निदान इगर्ज तरी?
मी म्हणते, तांबडा आहे.
तांबड्याशेजारी राखाडी बसलाय,
दोघांचं पटत नाही, म्हणून मधे ही पिवळी फट.
ते चहा पितात.
मी बशीच्या गोलाकडे बघत राहते,
कुणाला न विचारता तो किती पुरा आहे.

परवा आगरातला सगुण मिठाचं पोतं घेऊन आला.
दारातच थांबला, पायांचा चिखल पुसत.
समोर भिंतीला टेकलेलं चित्र, पाच फूट, ओलं.
त्यानं काही विचारलं नाही.
मान तिरकी केली,
सकाळी वाफ्यांसमोर करतो तशी,
आणि म्हणाला,
"बाय, दावो बांद फुटला गो."

बघितलं. खरंच.
डावीकडचा निळा रात्रभर झिरपत
गेरूत शिरला होता.
मी त्याला तिथे बोलावलं नव्हतं.

"आनी हें उदक," बोट न लावता, लांबूनच,
"अजून पिकूंक ना. तीन दीस राव."

अठ्ठावीस वर्षं म्हापशाच्या शाळेत
मुलांकडून घडा आणि केळी काढून घेतली मी.
शंकू, दंडगोल, सावली नेहमी उजवीकडे.
रंग पिकतो, हे मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

थांबले. चौथ्या दिवशी सुरी घेतली, बांध घालायला.
तर निळ्या-गेरूच्या त्या कडेवर
करवंद फुटल्यासारखं काहीतरी धरलेलं.
सुरी पुसून ठेवली.
सगुण बघेल तर बोलेल,
फुटका बांध कोण ठेवतं, भर हंगामात?

रात्री मीठ बरणीत भरताना
एक खडा तळहातावर घेतला, दिव्याखाली धरला.
चौकोनच.
एक कोपरा उडालेला.