चूक की बरोबर

‘चाल बदलत नसेल, तर त्वरण नसतं.’
चूक की बरोबर?
एनिकोनं ‘बरोबर’भोवती गोल केला होता
आणि बोदनारबाईंनी त्या गोलावर
लाल फुली मारली होती.

तो कागद चौघडी करून तिनं मोज्यात खोचला
आणि सायकल हाणत मैदानावर आली,
क्यॉरॉश नदीच्या बांधापलीकडे,
जिथं सूर्यफुलं कापून नेलेलं रान
आभाळ टेकेपर्यंत सपाट आहे
आणि उंच म्हणावं असं काहीच नाही,
एक पाण्याची टाकी सोडून.

लोरांद बाची फाटक्या जाळीला गाठी मारत होते.
ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत एक बोट गेलेलं,
उरलेल्या नऊंवर हिशेब पक्का.
कागद वाचला, परत दिला. म्हणाले,
‘हातमोजा घाल.’

चार किलोचा गोळा, तार, मूठ.
सिमेंटचं वर्तुळ, सात फुटांचं,
किती पोरींच्या टाचांनी गुळगुळीत झालेलं.
‘फिर. वाढवू नकोस, घटवू नकोस.
एका चालीनं.’

टाकी गेली, रान गेलं, बाची गेले, सायकल गेली,
टाकी, रान, बाची, सायकल,
टाकीरानबाची

‘काय वाटतंय?’
‘हा बाहेर ओढतोय मला!’
‘तो कशाला ओढेल? त्याला सरळ जायचंय.
दर क्षणी सरळ,
आणि दर क्षणी निराळं सरळ.
ओढतेस तू. आत.
खांदे कुणाचे भरून आलेत, त्याचे का तुझे?’

ती मटकन खाली बसली.
रान अजून थोडं फिरत होतं.
चाल तर तीच होती,
मोजायला काटा लावला असता तर हललाही नसता.
मग एवढं बळ गेलं कुठं?

वळवण्यात.
नुसतं वळवण्यात.

(त्वरण हा शब्द घाईच्या घरचा वाटतो,
त्वरेचा सख्खा भाऊ.
पण त्याच घरात ब्रेकही राहतो
आणि शांतपणे वळणारी वाटसुद्धा.)

पहिली फेक जाळीत. दुसरीही जाळीत,
सोडायला पापणीभर उशीर.
‘वर्तुळ आठवत बसू नकोस,’ बाची म्हणाले,
‘सुटलेल्याला ते आठवत नसतं.’

तिसरी सुटली.
गोळा टाकीच्या बाजूनं चढत गेला, चढत गेला,
आणि माथ्यावर एक क्षण असा आला
की वर जाणं संपलेलं, खाली येणं सुरू व्हायचं होतं,
पुढं सरकणं तेवढं चाललेलं.
तिथंही जमिनीनं हात सैल केला नव्हता.
सुटताना जेवढी ओढ, तेवढीच माथ्यावर,
तेवढीच

धप्प.

छत्तीस पावलं, मग आणखी पाच.
ओल्या मातीतून गोळा उपटून
एनिको मागं वळली.
त्याच पावलांनी, त्याच चालीनं
परत आली. वेग मात्र उलटा.
बाचींनी पाहिलं, बोलले नाहीत.
जाळीची एक गाठ राहिली होती.

संध्याकाळी बांधावर
वाट जिथं नदीबरोबर वाकते,
तिथं हँडल तिरकं करताना,
पायडलचा ताल जराही न मोडता,
ती स्वतःशीच म्हणाली,
‘आता.
आता आहे.’