कडेवर

पहाटे पाचला कत्तलखान्यातून बादली यायची.
बर्फात डुकराचं आतडं, अजून कोमट.
कोपनहेगनात तेव्हा ट्राम नुकत्याच बंद झाल्या होत्या,
मी सायकलवरून यायचे, बोटं लाकूड झालेली,
आणि त्याच बोटांनी आतडं उलटं करून
काचेच्या पट्टीनं खरवडायचे.
करड्या सायीसारखं काही निघायचं.
त्या सायीवर आमची सगळ्यांची पोटं चालायची.

आतड्याला आतून मखमलीची लव असते.
लवेच्या केसाकेसावर पडदा,
आणि पडद्यावर, बाहेर तोंड करून,
साखर तोडणारं ते उभं.
ते म्हणजे दोघं. आयसोमाल्टेज आणि सुक्रेज.
पाय मात्र एकाचेच पडद्यात रुतलेले.
दुसरं त्याच्या कडेवर.

आईच्या कडेवर मूल असतं तसं? मी विचारलं.
टोर्किल म्हणाला, मुलं उतरतात.

मग ते डुक्कर आलं
ज्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधून टाकली होती.
त्याच्या रांगेत दोन रेघांऐवजी
एकच, वरती, जाड.
म्हणजे जन्मतः ते एकच असतं, एक लांब धागा.
पडद्यावर येऊन उभं राहतं,
आणि तिथेच, कामाच्या जागी,
रस येऊन सुरी चालवतो.
मी वहीत लिहिलं: तुटतं, पण सुटत नाही.
टोर्किलनं ते खोडलं,
वर लिहिलं: असहसंयुज बंध.

आर्नान्ग्वाक काचेची भांडी धुवायची.
मानीत्सोकची. कमी बोलायची.
दर शुक्रवारी केक असायचा, पाळीपाळीनं,
आणि दर शुक्रवारी मी तिच्या बशीत तुकडा वाढायचे.
घे गं. तोंड तरी गोड कर. एवढ्यानं काय होतंय.
दोन वर्षं.
तुकडा ती रुमालात गुंडाळून न्यायची,
मला वाटायचं, घरी कुणासाठी तरी.

एका शुक्रवारी, बशी न उचलता, तिनं सांगितलं.
वसतिगृहात सकाळी गोड पेज असायची.
तिचा भाऊ उजूनग्वाक सात वर्षांचा,
दर सकाळी त्याचं पोट फुगायचं, मग धावायचं,
कधी धावणं पुरायचं नाही.
फ्रू लोमहोल्ट त्याला चादर स्वतः धुवायला लावायच्या,
बाहेर, फेब्रुवारीत.
आणि संध्याकाळी पुन्हा पेज,
कारण मूल अशक्त दिसत होतं.
घरी कुणालाच काही होत नव्हतं, ती म्हणाली.
घरी सील होता. हॅलिबट. पाखरांची अंडी.
साखर जहाजातून उतरली.

एवढी वर्षं हे पोटात ठेवलं होतं तिनं.

टोर्किलची बशी अर्धी राहिली.
आठवड्याभरानं तिनं दोऱ्याला बांधलेली धातूची गोळी गिळली,
स्वतःहून. दोरा ओठाबाहेर, गालाला चिकटपट्टी,
वाचत बसली.

पाच रांगा लावल्या:
डुक्कर, डुक्कर, टोर्किल, मी, ती.
निळा रंग धुतला गेला तसं दिसू लागलं.
आमच्या चौघांत त्या दोन रेघा होत्या.
तिच्या रांगेत बाकी सगळं जागच्या जागी,
आणि त्या ठिकाणी
ना कडेवरचं, ना कडेवर घेणारं.
टोर्किल फोनकडे धावला. त्याला हसू आवरत नव्हतं.

ती काचेशी वाकून पाहत राहिली.
हे फ्रू लोमहोल्टना दाखवायला हवं, म्हणाली.
मग म्हणाली, आता मेल्या असतील.

पुढच्या शुक्रवारी पाळी माझी होती.
बेकरीत बराच वेळ उभी राहिले,
लोक मागून पुढे गेले.
शेवटी घरी येऊन सहा अंडी उकडली.
टोर्किलनं तोंड वाकडं केलं.
तिनं दोन खाल्ली, मीठ न लावता,
टरफलं एप्रनच्या खिशात घातली.
कशाला, ते मी विचारलं नाही.