टाळू

दर तासाला मी विजेरी घेऊन येते
आणि दाशन्यामच्या पापण्या उचलते.
उजवी बाहुली लगेच आखडते.
डावी जरा विचार करते, मग आखडते.
त्या ‘जरा’पाशी माझा श्वास अडतो
आणि तेवढ्यात त्याचा बाप विचारतो, “किती?”

बाहुलीचं नाही, पडद्यावरचं विचारतो.
चोवीस.
वीसच्या आसपास राहिलं तर बरं, हे दुपारी सांगून बसले,
तेव्हापासून गोम्बोसुरेन अख्खाच्या अख्खा
त्या दोन अंकांत राहायला गेलाय.

शेवटी म्हटलं, तुमच्या गेरच्या छताला गोल झरोका असतो ना,
चूल पेटली की धूर निघून जायला?
कवटीला तो नसतो.
तान्हेपणी असतो, टाळू मऊ असते, उडते,
आई बोट लावायलाही भिते.
मग दीडेक वर्षात टाळू भरते. घर कायमचं बंद.
आत मेंदू, रक्त आणि पाणी,
दाटीवाटीनं पण भांडण नाही.
हा घोड्यावरून पडला, मेंदू सुजला.
भिंती काही मागं सरत नाहीत.
आधी पाणी उठून जागा देतं,
मग रक्त अंग चोरतं,
मग...

“कळलं,” तो म्हणाला.
“हिवाळ्यात झरोका उघडायचा राहिलेलं एक घर
मी पाहिलंय.”

म्हणून काल रात्री डॉक्टर सारनाईनी
मुगाएवढं भोक पाडलं.
बारीक नळीतून थेंब येतात, किंचित गुलाबी.
नळीचं माप कानाच्या रेषेत.
बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही.

“आडवं झोपू दे ना पोराला.”
नाही. उशाकडची बाजू उचललेलीच हवी.
मान सरळ, नाक छताकडे.
त्यानं डेलच्या आतून निळा खदग काढला,
आशीर्वादाचा, मुलाच्या गळ्यात बांधायला.
गळ्यात नको. रक्त खाली उतरायची वाट तीच.
श्वासनळीची पट्टीसुद्धा आम्ही सैल बांधतो.
खदग मी खाटेच्या कठड्याला बांधला.
तो गाठ तपासून गेला, घट्ट आहे का.

दोन वाजता दाशन्याम खोकला.
अठ्ठावीस. एकतीस.
खाली येईना.
भुलीचं औषध वाढवलं, दिवा मालवला,
मग खारं पाणी लावलं, समुद्राइतकं खारं.
“मीठ?” तो म्हणाला. “डोक्याला?”
रक्तात. सुजेतलं पाणी ते ओढून घेतं.
जरा वेळ गप्प राहिला.
“कातडं खारवलं की रात्रभर रडतं,” म्हणाला.
तेच.

सव्वीस.
उलानबातरच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी पुसत होतं.
बावीस.
पाचला एकोणीस.
मी ‘छान’ म्हटलं नाही.
सूज तिसऱ्या दिवशी शिगेला जाऊ शकते,
आज दुसरा. हे त्याला माहीत आहे, मीच सांगितलंय.

खिडकीकडे तोंड करून तो म्हणाला,
“घोडा पाचवा आला. मोकळ्या पाठीनं.
शर्यतीत घोडा मोजतात, स्वार नाही.”
खिशातून पदक काढलं. रिबिनीला अजून धूळ.
अकरा वर्षांचं पोर, आणि हे त्यालाच दाखवायचं होतं.
“हे कुठं ठेवू?”

मला सुचलं नाही.
सहा वाजले होते.
मी विजेरी उचलली.