तीन चाळीस

बेदाण्याच्या शेडात आम्ही ओळीनं बसतो,
एकीचं तोंड खिडकीकडं, दुसरीचं भिंतीकडं.
हिरवा माल इकडं, पिवळा तिकडं,
काड्या आणि काळा पायापाशी.
तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं.
पण पहिल्याच दिवशी शमशाद उकिडवी बसली, मोजलं,
म्हणाली, अगं, बसायला आठ झाल्या.
पळायला कुणीच नाही.

आठांतल्या आम्ही चौघी त्या संघातल्या.
चौऱ्याण्णव साल, इस्लामपूरचं मैदान,
पाणी मारलेली तांबडी माती, चुन्याच्या रेघा
डाव सुरू व्हायच्या आधीच पुसट.
मी पहिल्या तुकडीत.
लांडगेबाई कानाशी आल्या :
खांबापाशी थांबायचं नाही,
खांब कुणाचा नसतो.

तीन मिनिटं चाळीस सेकंद टिकले.
हे मी सांगते. त्रिशला म्हणते, चार.
मालन तर पाचावर पोचली आहे,
दर दिवाळीला माझे दहा सेकंद वाढवते,
आणि मी तिला अडवत नाही.
कारण तिनं खांबावरून जी झेप घेतली होती
ती तेव्हा दोन हात होती,
आता तिच्यात अख्खी बाज बसेल.

शाळेच्या कुठल्यातरी कपाटात
पेन्सिलीनं लिहिलेला तो कागद असेल.
आम्ही कुणी शोधायला गेलो नाही.

राज्याच्या शिबिराला पंधरा पोरी घेतल्या.
तासगावच्या पोस्टमनला मी महिनाभर
वाटेतच गाठत होते.
लोक विचारतात, घरच्यांनी अडवलं असेल ना?
हो म्हटलं की गोष्ट लवकर संपते.
पण दादा मला सायकलवर डबलसीट सोडायचे,
शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं अंडं,
उकडलेलं, कधी कधी फुटलेलं.
खरं एवढंच, की माझी डावी हुलकावणी कच्ची होती.
मिरजेच्या पोरींनी ती दुसऱ्या डावात ओळखली.
अजून वासरू सुटलं की मी डावीकडून हूल देते.
वासरूही फसत नाही.

परवा शमशादची अल्फिया डबा घेऊन आली.
अकरावीत आहे, शास्त्र शाखेला.
आमचं ऐकून घेतलं सगळं, मग म्हणाली,
खरं किती ते मोजू या की.
मोबाईल काढला.

पंधरा किलोच्या पेट्यांची एक थप्पी दारापाशी,
दुसरी वजनकाट्यापाशी, हे झाले खांब.
सहा जणी बसल्या. राजमतीचा गुडघा वाकेना,
तिला पालथ्या क्रेटवर बसवली.
पदर खोचले. पोटात भाकरी तशीच.
शमशाद माझ्या मागं निघाली
आणि तिनं खो दिला,
शप्पथ, आवाज तोच,
पत्र्याखालची पारवी उडाली.

उजवीकडून निघाले, राजमतीला वळसा,
परत उजवीकडं,
नाकात गंधकाचा वास, कानात स्वतःचाच श्वास,
समोर मालन उठली,
मी डावी हूल दिली.

पाठीवर थाप.
चौदा सेकंद, अल्फिया म्हणाली.

बराच वेळ कुणी हसलं नाही,
कारण कुणाला दमच पुरत नव्हता.
नंतर हसलो, इतकं की मुकादम आत आला,
काय चाललंय म्हणाला.
हिशेब, त्रिशला म्हणाली.

मग पुन्हा ओळ. एकीचं तोंड खिडकीकडं,
दुसरीचं भिंतीकडं.
दुपारभर माझ्या हातून किती काड्या
तशाच निसटल्या असतील, ज्यानं खाल्ल्या त्याला ठाऊक.
पाच वाजता पाणी प्यायला उठले
तर मागून मालन हळूच म्हणाली,
चौदा नव्हते गं. वीस तरी होतेच.

मी तिला अडवलं नाही.